टायटनचा कंजूष समुद्र

फोडणीच्या तेलात चुकून मीठ पडलं तर ते तळाशी तसंच बसून राहतं, पाण्यात पडलं तर दिसेनासं होतं. पाठ्यपुस्तकातला नियमही हेच सांगतो: ध्रुवीय पदार्थ ध्रुवीय द्रावकात विरघळतात, अध्रुवीय अध्रुवीयात. शनीच्या टायटन या चंद्रावरचे समुद्र तेलाच्याच गोतातले, मिथेन आणि ईथेनचे. त्यांत काय विरघळतं, हे विचारायची वेळ मात्र फार उशिरा आली. आधी समुद्र सापडायला हवे होते.

नोव्हेंबर 1980 मध्ये व्हॉयेजर-1 टायटनजवळून गेलं तेव्हा नारिंगी धुक्यापलीकडचं काहीच दिसलं नाही. पण पृष्ठभागाचं तापमान उणे 180 अंश सेल्सियसच्या आसपास आणि हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट आहे, हे कळलं. त्यावरून 1983 मध्ये ल्युनाइन, स्टीव्हन्सन आणि युंग यांनी ईथेनचा किलोमीटरभर किंवा त्याहूनही खोल महासागर कल्पिला, तोही अख्ख्या चंद्राला वेढणारा. कल्पना देखणी होती, पण टिकली नाही. 14 जानेवारी 2005 रोजी ह्युजेन्स यान उतरलं ते बर्फाच्या गोट्यांनी भरलेल्या ओलसर जमिनीवर. पुढच्या वर्षी शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाच्या रडारने उत्तर ध्रुवाजवळची सरोवरं टिपली. क्राकेन, लायजिया, पुंगा ही तिथल्या समुद्रांची नावं त्यानंतरची.

टायटनच्या आकाशात सूर्यप्रकाश मिथेन आणि नायट्रोजनचे रेणू फोडतो. त्या तुकड्यांतून अ‍ॅसिटिलीन, बेन्झीन, हायड्रोजन सायनाइड असे रेणू जुळतात आणि खाली येऊन साचतात. हा माल समुद्रात गेल्यावर त्याचं काय होतं? माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम कुठल्याही छायाचित्रात दिसत नाही. ते 2014 मध्ये मलास्का आणि हॉडिस यांनी प्रयोगशाळेत केलं. उणे 179 अंशांच्या द्रव ईथेनमध्ये त्यांनी बेन्झीन विरघळवून पाहिलं. लिटरभर ईथेन अवघ्या 18.5 मिलिग्रॅमला संपृक्त झालं. नॅप्थलीन, म्हणजे कपाटातल्या डांबरगोळीतलंच, विरघळलं 0.159 मिलिग्रॅम आणि बायफिनाइल 0.039. लिटरभर पाणी साडेतीनशे ग्रॅम मीठ सहज पोटात घेतं, हे शेजारी ठेवून पाहा. इथे तर द्रावक आणि द्राव्य दोन्ही अध्रुवीय, अगदी सख्खे म्हणावेत असे. पण कडाक्याच्या थंडीत स्फटिक आपले रेणू सोडायला तयार नसतात.

कंजूष असला तरी या द्रावकाला घाई नाही. चुनखडीत पाणी जसं खळगे आणि गुहा कोरतं, तसेच टायटनवरचे खळगे विरघळण्यातून झाले असावेत, असं 2015 मध्ये कॉर्ने आणि सहकाऱ्यांनी मांडलं. पावसाळी ध्रुवीय भागात शंभर मीटर खोल खळगा पडायला त्यांच्या हिशेबाने 5 कोटी वर्षं लागतात. सढळपणे मुरतो तो नायट्रोजन, तोही ईथेनपेक्षा मिथेनमध्ये जास्त. द्रव जरा तापला किंवा त्यात ईथेन मिसळलं, की सोडा-वॉटरसारखे बुडबुडे सुटू शकतात. 2013 मध्ये लायजियात अचानक उगवून नाहीसं झालेलं ‘जादूचं बेट’ त्या बुडबुड्यांचं असू शकतं.

मग 2025 मध्ये नियमालाच धक्का बसला. हायड्रोजन सायनाइड कमालीचं ध्रुवीय. मिथेनशी त्याचं सूत जमायला नको. पण स्वीडनमधलं चाल्मर्स विद्यापीठ आणि नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी यांच्या संशोधकांना दिसलं, की टायटनइतक्या थंडीत मिथेन आणि ईथेन त्याच्या स्फटिकात शिरून बसतात. म्हणजे समुद्र सायनाइडला विरघळवत नसेल, पण सायनाइडच समुद्राचे रेणू आत घेत असेल! पुस्तकातलं ते वाक्य यापुढे तापमान सांगूनच लिहावं लागेल.

लायजियावर तरंगणारी प्रयोगशाळा पाठवायचा एक प्रस्ताव होता, पण 2012 मध्ये नासाने त्याऐवजी मंगळाची इनसाइट मोहीम निवडली. 2028 मध्ये निघणारं नासाचं ड्रॅगनफ्लाय यान 2034 मध्ये टायटनवर पोहोचेल, ते विषुववृत्ताजवळच्या वाळूच्या टेकड्यांत. त्या समुद्रांचा एक थेंबही अजून कुठल्या उपकरणात गेलेला नाही.