पावसाआधी मोटारसायकल : आधी टायर-ब्रेक, मग बाकीचं



नेहमी पिकाचा सल्ला येतो, आज गाडीचा आहे. गोराई, मनोरी, मढ आणि आरेच्या पाड्यांवरची भाजी मोटारसायकलवर बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपरला नेणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. पावसात गाडी घसरली तर क्रेट तर जातातच, पण ऐन हंगामात घरातलं कामाचं माणूस अंथरुणाला खिळतं.

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख 11 जून आहे. 2025 साली मात्र तो 26 मेलाच आला. म्हणून गॅरेजचं काम मेच्या मध्यापर्यंत उरका.

जादा दिवे, नवा सायलेन्सर यावर खर्च करायची इच्छा होते, ठीक आहे. पण मशागतीआधी पेरणी करत नाही ना आपण? इथेही क्रम पाळा.

*1. टायर*
टायरच्या खाचांचं काम पाणी बाजूला काढणं. खाचा झिजल्या की टायर आणि रस्ता यांच्यात पाणी राहतं आणि पकड सुटते. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी खूण असते. त्या रेषेत खाचेच्या तळाशी बारीक उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्या उंचवट्याला आली की टायर बदला.
हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. आकडा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. मागे माल असेल तर दोन माणसांसाठी दिलेला आकडा धरा. पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते, हा समज चुकीचा आहे. हवा कमी असली की खाचा दबतात, पाणी बाहेर पडत नाही.

*2. ब्रेक*
ताशी 40 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. म्हणजे तुम्ही ब्रेक दाबेपर्यंतच तेवढं अंतर गेलेलं असतं. वर ओला रस्ता आणि मागे क्रेट.
ड्रम ब्रेक असेल तर ड्रमजवळ बाण बघा. ब्रेक दाबल्यावर तो शेवटच्या खुणेपर्यंत गेला की लायनर संपले. डिस्क असेल तर पॅडची जाडी आणि ब्रेक ऑइल तपासा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं.
1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस असतं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. केबल ढिली असेल तर त्याचा उपयोग होत नाही, ती नीट करून घ्या.

*3. चेन आणि गंज*
चेन ब्रशने रॉकेल किंवा डिझेल लावून साफ करा, पुसा आणि 90 नंबरचं गिअर ऑइल लावा. जुनं इंजिन ऑइल लावू नका, त्यात काजळी आणि धातूचा कीस असतो. चेन साधारण दोन-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा पुस्तकात बघा.
खाडीकाठच्या गाड्यांवर खारं वारं बसतं. युरिया, पोटॅश सांडलं तर ती खतंही ओल धरतात आणि पत्रा गंजतो. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा, चेनला परत तेल द्या. औषधाची बाटली आणि भाजी एका क्रेटमध्ये कधीही ठेवू नका.

*4. पेट्रोलची टाकी*
आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत जास्त पाणी गेलं की दोन्ही मिळून तळाशी बसतात आणि गाडी झटके देते, बंद पडते. म्हणून झाकणाचं रबर फाटलेलं नाही ना, आणि झाकणाजवळचं पाणी जाण्याचं भोक चिखलाने बुजलेलं नाही ना, हे बघा.

*5. मग हौसेचं*
एलईडी दिव्यासाठी मूळ वायर कापली की पावसात तिथेच शॉर्ट होतं. गाडीत परवानगीशिवाय फेरबदल केले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ नुसार प्रत्येक फेरबदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या पैशात बऱ्याच गाड्यांचं मागचं टायर येतं. हेल्मेट मात्र आयएसआय खुणेचंच घ्या, मागे बसणाऱ्यालाही.

*रस्त्यावर*
पहिल्या सरीत धूळ आणि सांडलेलं तेल मिळून रस्ता साबणासारखा होतो. लोखंडी प्लेट, गटाराची झाकणं, रंगाचे पट्टे यांवर ब्रेक मारू नका. अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाणी भरलं असेल तर वळसा घ्या. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा किक किंवा बटण मारू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर आतले भाग वाकतात आणि मोठा खर्च येतो. ढकलत बाहेर काढा, मेकॅनिकला दाखवा.

आज संध्याकाळी फक्त टायरची खूण आणि ब्रेकचा बाण बघा. कळलं नाही तर फोटो काढून मला पाठवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पावसाळाभर कामी येईल.

– आपला कृषी सल्लागार