एकदम दोनशे फोटो लहान कसे करतात?

संगणकातला फोटो म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांची रांगोळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. ४००० रुंद आणि ३००० उंच अशा फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. रुंदी १००० आणि उंची ७५० केली, तर ७ लाख ५० हजारच उरतात. म्हणजे सोळावा हिस्सा! मग फोटो मोबाईलवर पटकन जातो.

आमची सहल नाशिकच्या पांडवलेण्यांना गेली होती. गुरुजींनी दोनशे फोटो काढले. काहींचे आईबाप द्राक्षाच्या कामाला बाहेरगावी आहेत, त्यांनाही ते बघायचे होते. तिथे रेंज कमी. एकेक फोटो लहान करत बसलं तर अख्खा दिवस जाईल. म्हणून गुरुजींनी संगणकावर इरफानव्ह्यू उघडले. त्याची रीत अशी :

१) आधी एक नवे फोल्डर करावे. लहान फोटो तिथेच जातील.

२) बी ही कळ दाबावी. सगळे फोटो यादीत घ्यावेत.

३) रुंदी १००० लिहावी. उंची त्याच प्रमाणात राहील अशी खूण करावी. नाहीतर तोंडं भाकरीसारखी चपटी दिसतात!

४) सुरू करावे. मग संगणक आपणच सगळे फोटो लहान करतो.

मूळ फोटो मात्र कधी पुसू नयेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्याची अक्षरे मोठ्या फोटोत नीट दिसतात, लहानात पुसट होतात. गेलेले ठिपके परत येत नाहीत. म्हणून बियाणं जपतात तसे मूळ फोटो जपावेत.

— इयत्ता ४ थी