आवाज बसला तर दिवस मोजा!

१४ एप्रिलची जयंती झाली की आपल्या वस्तीतल्या निम्म्या माणसांचे आवाज बसलेले असतात. कोणी मिरवणुकीत घोषणा दिलेल्या असतात, कोणी गायनपार्टीत कोरस धरलेला असतो, कोणी भाषणे ठोकलेली असतात. चार-आठ दिवसांत घसा मोकळा होतो आणि माणसे आपापल्या कामाला लागतात. म्हणूनच त्या वर्षी आमच्या एका ज्येष्ठ गायक मित्राचा आवाज बसला तेव्हा कोणाला त्याचे काही वाटले नाही. आम्हालाही नाही.

आमची नोकरी नांदेडला, मूळ गाव लातूर जिल्ह्यात. हे मित्र आमच्या गावचे. वयाने मोठे म्हणून आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटी बसलेल्या म्हातारीला शब्द न् शब्द ऐकू जाई. बुद्धपौर्णिमेला आवाज घोगराच होता. आम्ही खिशातली खडीसाखर काढून दिली. पावसाळ्यात ज्येष्ठमध झाला, हळदीचे दूध झाले, इंजेक्शने झाली. वहिनी मात्र म्हणत होत्या, "भावजी, हा आवाज ह्यांचा नाही." बाईमाणसाची काळजी म्हणून आम्ही ते बोलणे हसण्यावारी नेले. १४ ऑक्टोबरला अण्णा गायलेच नाहीत. दिवाळीनंतर श्वासाला घरघर लागली तेव्हा नांदेडला आणले. दुर्बिणीने घसा पाहिला आणि स्वरयंत्राचा कर्करोग निघाला.

एप्रिल ते नोव्हेंबर, सात महिने. आम्ही कारकून माणूस. अर्जावरची मुदत उलटली की लाल शाईने खूण करणे हे आमचे रोजचे काम. हे सात महिने आमच्या डोळ्यांसमोर गेले आणि आम्ही एकही खूण केली नाही. प्रस्तुत लेख त्यासाठीच आहे.

घोगरेपणा हा निरोप असतो

आपल्या गळ्यातल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने ते थरथरतात. पुरुष साधे बोलतो तेव्हा सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, स्त्री बोलते तेव्हा दोनशेच्या आसपास. त्यांवर बारीक गाठ आली तरी थरथर बिघडते आणि आवाज घोगरा होतो. शिक्षक, फेरीवाले, गायक आणि वक्ते यांना अशा साध्या गाठी होतात. विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामाने त्या बहुधा बऱ्या होतात. सर्दी, पित्त वर येणे आणि स्वरयंत्राचा क्षयरोग ही कारणेही असतात. म्हणजे आवाज बसला की कर्करोगच, असे समजून घाबरण्याचे कारण नाही.

पण तीन आठवडे उलटूनही आवाज सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू पाहून घेतलेच पाहिजेत. स्वरतंतूवरचा कर्करोग सुरुवातीलाच आवाज बिघडवतो आणि तिथून तो लवकर पसरत नाही. अगदी सुरुवातीला सापडला तर किरणोपचाराने किंवा लेझरने दहापैकी आठ-नऊ रुग्ण बरे होतात, आणि आवाजही राहतो. निसर्गाने इथे धोक्याची घंटा आधीच बांधून ठेवली आहे. ती ऐकायची की खडीसाखर चघळायची, एवढाच प्रश्न आहे.

अमेरिकेत २०२५ साली एक संशोधन प्रसिद्ध झाले. ३०६ जणांची बारा हजारांवर ध्वनिमुद्रणे संगणकाने तपासली. स्वरतंतूवर गाठ वा कर्करोग असलेल्या पुरुषांच्या आवाजात निरोगी आवाजापेक्षा मोजता येणारा फरक मिळाला. स्त्रियांच्या आवाजात तसा ठळक फरक मिळाला नाही. पुढे कधी यंत्र नुसत्या आवाजावरून इशारा देऊ शकेल, अशी ही वाट आहे. तोवर हे काम घरातल्या कानांनीच करायचे. आमच्या वहिनींनी ते केले होते. ऐकणारे आम्ही कमी पडलो.

आपल्या तोंडात काय चालले आहे?

गळ्याच्या वर तोंड आहे, आणि आपल्याकडे खरे संकट तिथे आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले. पुरुषांत हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर तंबाखू चघळणारे, घासणारे २४.४ टक्के! म्हणजे तळहातावरची तंबाखू-चुन्याची गोळी, गुटखा आणि आयाबहिणींची मिशरी. गुटख्याला राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. "आम्ही तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे.

आर. आर. आबांची खुमासदार भाषणे आपण ऐकलेली आहेत. तोंडाच्या कर्करोगाने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी ते गेले, अवघ्या ५७ व्या वर्षी. मंत्रिपदावर राहिलेल्या माणसाची ही गत, तर मोंढ्यातल्या हमालाचे काय?

आमचे शिक्षण बी.कॉम., म्हणून हिशेब मांडतो. दहा रुपयांची पुडी, दिवसाला पाच. वर्षाचे १८,२५० रुपये. एवढ्यात पोराचे वह्या-पुस्तक, कपडे, खोलीभाडे यांतले बरेच काही भागते.

संशोधन काय सांगते?

पहिली गोष्ट, बघण्यालाच मोल आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे नुसत्या उजेडात तपासली. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. २००५ साली हे प्रसिद्ध झाले. ना मोठे यंत्र, ना मोठा खर्च!

दुसरी गोष्ट लातूरच्या शेजारची. बार्शी येथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची माहिती गावोगाव सांगितली गेली, तेव्हा बाया लवकर तपासणीला येऊ लागल्या आणि आजार आधीच्या पायरीवर सापडू लागला. अवयव वेगळा असला तरी धडा तोच. माहिती पोचली की माणूस लवकर पोचतो.

तिसरी गोष्ट मुंबईच्या टाटा रुग्णालयाची. तोंडाचा कर्करोग लहान असताना मानेच्या गाठी त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की पुढे दिसल्या तर काढाव्यात, हा जुना वाद होता. ५०० रुग्णांचा अभ्यास करून २०१५ साली उत्तर मिळाले. आधीच काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, थांबलेल्यांतले ६७.५ टक्के. आज जगभर या निकालाचा आधार घेतला जातो.

चौथी गोष्ट गरिबाच्या खिशाची. निवोलुमॅब हे रोगप्रतिकारशक्ती जागे करणारे औषध फार महाग. टाटातीलच डॉक्टरांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम, हे औषध गोळ्यांच्या उपचाराला जोडून १५१ रुग्णांच्या अभ्यासात तपासले. आजार पुढे गेलेले हे रुग्ण. वर्षभर जगणारे शंभरात १६-१७ होते ते ४३ झाले.

स्वरयंत्र गेले, तरी बोलणे जात नाही

अण्णांचे स्वरयंत्र काढावे लागले. पिशवीत रिपोर्ट घेऊन रेल्वेने मुंबई, दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत मुक्काम, आणि गळ्याला कायमचे छिद्र. काही महिने ते पाटीवर लिहून बोलत. नंतर झडप बसवली. ही छोटी झडप श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसते. गळ्याचे छिद्र बोटाने झाकले की हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथला भाग थरथरतो आणि शब्द उमटतो. परदेशी झडपेला पंधरा ते तीस हजार रुपये पडत. बंगळुरूचे डॉ. विशाल राव आणि त्यांचे मित्र शशांक महेश यांनी सुमारे ५० रुपयांत बसेल अशी 'ओम' झडप तयार केली. ज्ञान कोणाच्या कामी यावे, याचे हे उत्तर आहे.

आता काय करावे?

महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडून पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, मानेत गाठ, गिळताना त्रास, तोंडात तीन उभी बोटे न मावणे, किंवा घोगरा आवाज. यांतले काहीही तीन आठवडे टिकले तर विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था गाठा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ हा मोफत क्रमांक आहे.

मागच्या महिन्यात फोन आला. पलीकडून एक खरखरीत, अनोळखी आवाज म्हणाला, "ओळखलं का?" आम्ही ओळखले नाही. मागून वहिनी हसल्या, तेव्हा कळले. अण्णा आता गात नाहीत. जयंतीच्या सरावाला मात्र येऊन बसतात आणि पोरांना चाल समजावून सांगतात.

यंदा आम्ही जयंती समितीच्या वहीत एक नवे पान काढले आहे. आवाज बसलेल्या प्रत्येकाचे नाव आणि तारीख त्यात लिहितो. एकविसावा दिवस आला की लाल शाईने खूण, आणि त्याला घेऊन दवाखान्यात. आपल्या वस्तीतही असे एक पान काढा.