युद्धनौकांवरील वीजनिर्मिती आणि विद्युतसुरक्षा

नौदलाच्या जहाजावरील दिवे, पंप, सुकाणू, रडार, संदेशवहन, शस्त्रास्त्रे आणि काही जहाजांत प्रणोदन यांसाठी लागणारी वीज जहाजावरच निर्माण करून तिचे वितरण करणारी व्यवस्था म्हणजे युद्धनौकेवरील विद्युतव्यवस्था होय. जमिनीवरील वीजव्यवस्थेत दोष उद्भवताच पुरवठा तोडणे हा सुरक्षिततेचा पहिला नियम मानला जातो. युद्धनौकेवर मात्र पुरवठा तुटणे हाच अनेकदा अधिक मोठा धोका असतो. पंप थांबले तर आत शिरणारे पाणी उपसता येत नाही, सुकाणू थांबले तर जहाज वळवता येत नाही. त्यामुळे या व्यवस्थेची रचना सर्वप्रथम पुरवठ्याचे सातत्य डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. तिच्याजवळ काम करणाऱ्या माणसाची सुरक्षितता त्यामुळे केवळ उपकरणांवर सोपवता येत नाही. ती मोठ्या प्रमाणात कार्यपद्धतीच्या काटेकोर पालनावर अवलंबून असते.

इतिहास

ब्रिटिश नौदलात १८८१ मध्ये दाखल झालेली ‘इन्फ्लेक्सिबल’ ही विजेच्या दिव्यांनी उजळलेली आरंभीची युद्धनौका होती. तिच्यावर ८०० व्होल्ट दाबाचे एकदिश प्रवाह देणारे जनित्र होते. बाष्पित्र व यंत्रांच्या कक्षांत चाप-दिवे आणि इतरत्र स्वान यांचे तप्त तंतूचे दिवे लावलेले होते. १८८२ मध्ये याच जहाजावर विजेच्या धक्क्याने एकाचा मृत्यू झाला. ब्रिटिश नौदलाच्या जहाजावरील अशा प्रकारचा तो पहिला मृत्यू होय. त्यानंतर लवकरच जहाजांसाठी ८० व्होल्ट हा प्रमाण दाब ठरविण्यात आला. अमेरिकी नौदलाच्या ‘ट्रेंटन’ या जहाजावर १८८३ मध्ये विजेचे दिवे बसविण्यात आले.

विजेचा वापर वाढला तसा दाबही वाढत गेला. पुढे एकदिश प्रवाहाची जागा प्रत्यावर्ती प्रवाहाने घेतली. प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी चलित्रे साधी, हलकी व कमी देखभालीची असतात आणि रोहित्राच्या साहाय्याने दाब सहज कमी-जास्त करता येतो, ही त्याची मुख्य कारणे होत.

पुरवठ्याचे सातत्य किती निर्णायक असते, हे १९४१ मधील दोन घटनांनी दाखवून दिले. १३ नोव्हेंबर रोजी जिब्राल्टरजवळ ‘आर्क रॉयल’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावर जर्मन पाणबुडीचा एक पाणतीर आदळला. बाष्पित्रांच्या कक्षांत पाणी शिरल्यावर वाफ बंद पडली आणि वाफेवर चालणारी जनित्रेही बंद पडली. पर्यायी डिझेल जनित्रे जहाजावर नसल्यामुळे पंप चालविता आले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज बुडाले. १० डिसेंबर रोजी मलायाच्या पूर्व किनाऱ्याजवळ जपानी विमानांच्या हल्ल्यात ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या युद्धनौकेची आठपैकी पाच जनित्रे निकामी झाली. पंप, सुकाणू आणि विमानविरोधी तोफांचे काही बुरूज यांची वीज गेल्याने पुढील हल्ल्यांना तोंड देण्याची तिची क्षमता खालावली. पर्यायी जनित्रे वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या इंधनप्रणालींवर चालणारी असावीत, हा धडा यातून पक्का झाला.

वीजनिर्मिती

जनित्र फिरविण्यासाठी वाफेचे टर्बाइन, डिझेल इंजिन किंवा वायू टर्बाइन वापरतात. अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजातही अणुभट्टीच्या उष्णतेने वाफ तयार करून त्या वाफेवर टर्बाइन चालवितात. डिझेल जनित्र थंड अवस्थेतूनही त्वरित सुरू होते. म्हणून इतर मुख्य स्रोत असले तरी आणीबाणीसाठी ते ठेवले जाते.

पाश्चिमात्य नौदलांत सामान्यतः ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ, त्रिकला पुरवठा वापरतात. कंप्रता ही जनित्राच्या वेगावर व ध्रुवांच्या संख्येवर अवलंबून असते. चार ध्रुवांचे जनित्र मिनिटाला १,८०० फेरे फिरले तर ६० हर्ट्झ व १,५०० फेरे फिरले तर ५० हर्ट्झ कंप्रता मिळते. विमाने आणि काही इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी ४०० हर्ट्झचा स्वतंत्र पुरवठा तयार करतात, कारण अधिक कंप्रतेमुळे रोहित्रे व चलित्रे लहान आणि हलकी करता येतात.

दोन जनित्रे एकत्र जोडताना त्यांचे दाब, कंप्रता, कलाक्रम आणि कला यांचा मेळ बसावा लागतो. हा मेळ नसताना जोडणी केल्यास प्रचंड प्रवाह वाहून जनित्रांची हानी होऊ शकते.

प्रणोदनासाठीही वीज वापरण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेच्या ‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू जहाजाची मळसूत्रे विजेच्या चलित्रांवर फिरत. १९२९ च्या अखेरीस दुष्काळामुळे टाकोमा शहराची जलविद्युतनिर्मिती अपुरी पडली, तेव्हा या जहाजाने सुमारे महिनाभर शहराला वीज पुरविली. अलीकडील ‘क्वीन एलिझाबेथ’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावर दोन वायू टर्बाइन व चार डिझेल जनित्रे मिळून सुमारे ११० मेगावॅट वीजनिर्मितीची क्षमता असून मुख्य वितरण ११,००० व्होल्टवर होते. प्रणोदन आणि इतर सर्व गरजा एकाच विद्युतव्यवस्थेतून भागविल्यास कार्यक्षमता वाढते. मात्र जनित्रांत बिघाड झाल्यास जहाजाचा वेग व वीज दोन्ही एकदम जाण्याचा संभव असतो. ब्रिटिश नौदलाच्या ‘टाइप ४५’ वर्गातील विनाशिकांना उष्ण समुद्रात हा अनुभव आला आणि त्यांवर अधिक क्षमतेची डिझेल जनित्रे बसविण्याचे काम हाती घ्यावे लागले.

वितरण

जनित्रे व मुख्य स्विचबोर्ड जहाजाच्या पुढील आणि मागील भागांत विभागून ठेवतात, जेणेकरून एकाच आघाताने सर्व पुरवठा नष्ट होऊ नये. सुकाणू, अग्निशमन पंप व शस्त्रयंत्रणा अशा अत्यावश्यक उपकरणांना दोन वेगळ्या मार्गांनी वीज पोहोचविलेली असते. नेहमीचा मार्ग खंडित होताच स्वयंचलित बदलयंत्र उपकरणाला दुसऱ्या मार्गावर नेते. जनित्रांवर भार जास्त झाल्यास कमी महत्त्वाची उपकरणे क्रमाने बंद करून अत्यावश्यक उपकरणांचा पुरवठा टिकविला जातो.

अर्थिंगविरहित पद्धत

घरगुती वीजपुरवठ्यात एक तार जमिनीशी जोडलेली असते. युद्धनौकांवरील ४४० व्होल्टच्या व्यवस्थेत सामान्यतः कोणतीही वाहक तार जहाजाच्या पोलादी सांगाड्याशी जोडलेली नसते. उपकरणांची धातूची आवरणे मात्र सांगाड्याशी जोडलेली असतात. यामुळे एखाद्या तारेचे निरोधन खराब होऊन ती सांगाड्याला टेकली, तरी मोठा प्रवाह वाहत नाही, सर्किट ब्रेकर पडत नाही आणि उपकरण चालू राहते. युद्धाच्या प्रसंगी हा फार मोठा लाभ असतो.

परंतु हा पहिला दोष नजरेआड राहतो. तो दूर करण्याआधी दुसऱ्या कलेच्या तारेतही तसाच दोष निर्माण झाला, तर सांगाड्यामार्फत दोन कलांमध्ये लघुपथन होते. म्हणून स्विचबोर्डवर दोषदर्शक दिवे किंवा निरोधन मोजणारी यंत्रणा असते. तीन कलांसाठीचे तीन दिवे एरवी सारखे उजळतात. एखाद्या कलेत दोष आला की तिचा दिवा मंदावतो आणि उरलेले दोन अधिक प्रखर होतात. असा संकेत मिळताच मंडले एकेक करून तपासून दोष शोधणे आवश्यक असते.

विद्युतधक्क्याचा धोका

‘अर्थिंग नसलेल्या व्यवस्थेत एकाच तारेला स्पर्श झाला तर धक्का बसत नाही’ हा समज चुकीचा व प्राणघातक आहे. शेकडो केबलांच्या तारा आणि सांगाडा यांच्यामध्ये निरोधक पदार्थ असल्याने त्यांचे एक मोठे विद्युत धारित्र तयार होते. इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील गाळण्यांमुळे ही धारिता आणखी वाढते. पोलादी डेकवर उभ्या असलेल्या माणसाने तारेला स्पर्श केल्यास या धारितेमार्फत मंडल पूर्ण होते.

एका साध्या गणिताने हे स्पष्ट होते. ४४० व्होल्टच्या त्रिकला व्यवस्थेत प्रत्येक कलेचा सांगाड्याच्या संदर्भात दाब सुमारे २५४ व्होल्ट असतो. प्रत्येक कला व सांगाडा यांच्यातील धारिता केवळ १ मायक्रोफॅरड मानली, तर तीन कलांची मिळून ३ मायक्रोफॅरड होते. ६० हर्ट्झला तिचा प्रतिरोध सुमारे ८८४ ओहम येतो. माणसाच्या शरीराचा रोध १,००० ओहम धरल्यास त्यातून सुमारे १९० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. साधारणतः १ मिलिअँपिअर प्रवाह जाणवू लागतो, १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडून हात सोडविणे कठीण होते आणि १०० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह हृदयाची लय बिघडवून मृत्यू घडवू शकतो.

जहाजावरील परिस्थिती हा धोका वाढविते. घाम, खारे पाणी व दमट हवा यांमुळे त्वचेचा रोध कमी होतो आणि भोवताली सर्वत्र धातूच असतो. शरीराचा रोध ३०० ओहमपर्यंत खाली आल्यास ३० व्होल्ट दाबही १०० मिलिअँपिअर प्रवाह घडविण्यास पुरेसा ठरतो.

सुरक्षाविषयक कार्यपद्धती

दुरुस्तीपूर्वी संबंधित मंडलाचे सर्व पुरवठामार्ग बंद करून प्रत्येक स्विचवर धोक्याची चिठ्ठी लावतात. पर्यायी मार्ग असलेल्या उपकरणाच्या बाबतीत ही दक्षता विशेष महत्त्वाची ठरते, कारण एक मार्ग बंद करताच स्वयंचलित बदलयंत्र दुसऱ्या मार्गाने वीज आणू शकते. चिठ्ठी असलेला स्विच अधिकृत परवानगीशिवाय कोणीही हलवू नये, असा नियम असतो.

त्यानंतर दाबमापकाने वीज नसल्याची खात्री करतात. मापक आधी चालू असल्याचे माहीत असलेल्या वीजस्रोतावर तपासतात, मग मंडल तपासतात आणि शेवटी मापक पुन्हा त्याच स्रोतावर तपासून पाहतात. बिघडलेला मापकही शून्यच दाखवितो, हे त्यामागचे कारण आहे. धारित्रांत साठलेला विद्युतभार काढून टाकावा लागतो. चालू मंडलावर काम करणे अपरिहार्य असेल, तर रबरी हातमोजे व रबरी चटई वापरतात आणि पुरवठा तोडू शकणारा व प्रथमोपचार जाणणारा दुसरा माणूस जवळ ठेवतात. धक्का बसलेल्या माणसाला थेट हात न लावता आधी वीज बंद करतात. ते शक्य नसेल तर कोरड्या, विद्युतरोधक वस्तूने त्याला दूर करून गरजेनुसार हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन सुरू करतात.

पाणबुड्यांवरील घटमाला

डिझेल-विद्युत पाणबुडीला पाण्याखाली शिसे-आम्ल घटमालांवर चालावे लागते. प्रभारण करताना या घटांतून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेल्यास मिश्रण ज्वालाग्राही होते; म्हणून वायुवीजन अखंड ठेवावे लागते. २०१० मध्ये विशाखापट्टणम येथे ‘सिंधुरक्षक’ या भारतीय पाणबुडीवर घटाच्या सदोष झडपेतून गळलेल्या हायड्रोजनमुळे आग लागून एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. घटमालेच्या केबलांपर्यंत समुद्राचे पाणी पोहोचणे हाही गंभीर धोका आहे. १९८८ मध्ये अमेरिकेच्या ‘बोनफिश’ पाणबुडीवर अशाच प्रकारे लघुपथन होऊन आग लागली आणि तीन जणांचा मृत्यू झाला.

हानीनंतरचा पुरवठा

कायम केबल तुटल्यास अत्यावश्यक यंत्रांना वीज देण्यासाठी अमेरिकी नौदलात सुट्या आणीबाणीच्या केबल वापरण्याची पद्धत आहे. भिंतींमधील जलरोधक जोडबिंदूंमुळे दरवाजे उघडे न ठेवता वीज पुढे नेता येते. तीन तारांच्या टोकांना अनुक्रमे एक, दोन व तीन दोऱ्यांचे वेढे दिलेले असतात, त्यामुळे अंधारातही केवळ स्पर्शाने तार ओळखता येते. जोडणी नेहमी यंत्राकडून वीजस्रोताकडे करीत जातात; हाताळली जाणारी केबल अखेरपर्यंत निर्जीव राहावी हा त्यामागील हेतू असतो. केबल काढताना क्रम उलट असतो व सुरुवात स्रोतापासून होते.

भारतीय नौदल

भारतीय नौदलाचे विद्युतविषयक प्रशिक्षण जामनगर येथील ‘आयएनएस वालसुरा’ या संस्थेत होते. १९४२ मध्ये पाणतीर प्रशिक्षणासाठी ती स्थापन झाली. त्या काळी ब्रिटिश परंपरेत जहाजावरील विजेची जबाबदारी पाणतीर शाखेकडेच असे. सागरी अभियांत्रिकीचे प्रशिक्षण महाराष्ट्रात लोणावळा येथील ‘आयएनएस शिवाजी’ येथे दिले जाते. कोची येथे बांधलेल्या आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी सेवेत दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावर २४ मेगावॅट एकत्रित क्षमतेची आठ डिझेल जनित्रे असून सुमारे २,५०० किलोमीटर लांबीच्या केबल आहेत. प्रणोदनासाठी त्यावर स्वतंत्र वायू टर्बाइन आहेत.