पाटी कुणाच्या नावाची?

अजिंठ्याला जाणारा माणूस फर्दापूरला थांबतो तो गाडी लावायला. टी पॉइंटवर खासगी गाडी सोडायची, स्फटिक आणि गारगोट्या विकणाऱ्यांचा गराडा चुकवायचा, बस पकडायची आणि चार किलोमीटरवरची लेणी गाठायची. गावात मुघलकाळातली भलीमोठी सराई आहे, हे बहुतेकांना परतीच्या वाटेवरही कळत नाही.

अशा गावात स्मृतिफलक लावायचाच झाला तर कुणाचा?

या कामाची शिस्त लावली ती लंडनने. तिथली योजना 1866ची, पहिली पाटी 1867मध्ये कवी बायरनची. टिळक 1918-19मध्ये राहिले त्या हावले प्लेसच्या घरावरही पाटी आहे. पुण्यातले नीलफलक त्याच वळणाचे. लंडनचा आजचा नियम असा, की माणूस जाऊन वीस वर्षं झाल्याशिवाय त्याचा विचारच करायचा नाही. तो इथे लावला तर शेजारच्या पळसखेडच्या ना. धों. महानोरांना 2043पर्यंत थांबावं लागेल. ज्यांनी इंग्रज चित्रकार रॉबर्ट गिल आणि त्याची इथली प्रेयसी पारू यांची गोष्ट ‘अजिंठा’ या दीर्घकवितेतून मराठी घराघरांत नेली, त्यांना! नियम जाचक वाटतो खरा, पण वर्षश्राद्धाच्या आत चौकाला नाव देण्याची आपल्याकडची घाई पाहिली की तो पटतोही.

खरं तर या डोंगराला पाट्यांचं तंत्र लंडनच्या दोन हजार वर्षं आधी माहीत होतं. दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मीत चारच शब्द आहेत. वासिष्ठीपुत्र कटहादी याने हे घरमुख दान दिलं, एवढाच अर्थ. आईचं नाव, स्वतःचं नाव, काय दिलं, संपलं. पदवी नाही, ‘शुभहस्ते’ नाही, आणि जे दिलं त्याच्यावरच ते लिहिलेलं. यापेक्षा नेटकी पाटी मी पाहिलेली नाही. पुढे वाकाटकांच्या काळात शब्द वाढले. सोळाव्या लेण्यात हरिषेणाचा मंत्री वराहदेव राजांची वंशावळच मांडतो. पण सव्विसाव्या लेण्याच्या लेखापाशी पुन्हा थबकायला होतं. भिक्षू बुद्धभद्राने ते चैत्यगृह अश्मकाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ करवलं. मित्रासाठी अख्खं लेणं.

मग 28 एप्रिल 1819. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला आला आणि दहाव्या लेण्यात चित्रावरच स्वतःचं नाव आणि तारीख कोरून गेला. तेव्हा लेण्यात गाळमाती इतकी साचलेली होती, की आज ते नाव डोक्याच्याही वर दिसतं. मान उंच करून वाचावं लागतं! फलक लावायचा म्हटलं की पहिलं नाव याचंच सुचवलं जातं. माझं मत विरुद्ध. त्याने स्वतःची पाटी स्वतःच लावून घेतलेली आहे, तीही चित्र खरवडून.

मेजर रॉबर्ट गिलचं प्रकरण वेगळं. 1844मध्ये चित्रांच्या प्रती करायला नेमलेला हा माणूस वर्षानुवर्षं झिजला आणि त्याच्या बहुतेक प्रती 1866मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. तो गेला 1879मध्ये, त्याची कबर भुसावळला आहे. त्याची पारू त्याआधीच गेली, 23 मे 1856 रोजी. अजिंठा गावातल्या तिच्या थडग्यावरचा दगड गिलनेच बसवला. सरकारने नव्हे, समितीने नव्हे, शोक झालेल्या माणसाने. या टापूत एका गावच्या बाईच्या नावाचा तेवढा एक जुना दगड.

फर्दापूरचा हिशोब पुढचा. 1872 ते 1885 जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलचे विद्यार्थी प्रती करत होते. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. त्यातल्याही पुष्कळ प्रती 1885मध्ये लंडनलाच जळाल्या. आगीने अजिंठ्याचा पिच्छा असा पुरवला. मग 1909 ते 1911च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम प्रती करायला आल्या. त्यांच्यासोबत कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि असितकुमार हळदार, हैदराबादहून सय्यद अहमद. मुक्काम फर्दापूरच्या बाजूला. नंदलाल सगळ्यांना माहीत झाले. सय्यद अहमद निजामाच्या राज्यात अजिंठ्याचे क्युरेटर झाले, त्यांचं नाव मात्र इथल्या बसमध्ये कुणी घेत नाही. मला विचाराल तर फर्दापुरातली पहिली पाटी त्यांची.

दुसरी कुणाची, तिथे घोडं अडतं. लेण्यातल्या काळोखात आरशाने ऊन वळवणारे, शिड्या धरणारे, म्हाताऱ्या पाहुण्यांना डोलीतून वर नेणारे. नियम म्हणतो, नाव हवं. नाव नसलेल्यांच्या नावाने पाटी लावली की ती घोषणा होते, आणि घोषणांना भिंती कमी पडत नाहीत.

म्हणून मी सराईकडे वळलो. माणसाला नाव लागतं, वास्तूला ते असतंच. संरक्षित वास्तूवरच्या निळ्या पाटीत साधारणपणे कायदा सांगितलेला असतो, किती दंड, किती कैद. घाट उतरून बऱ्हाणपूरकडे निघालेले तांडे इथे का थांबत, हे सांगायला दोन ओळी पुरेत.

कमानीखाली उभा राहून त्या दोन ओळी वहीत लिहीत होतो. एक म्हातारबाबा जवळ आले.

“मोजमाप करायला आलाय का, साहेब?”

“नाही बाबा, इथं एक पाटी लावावी म्हणतो.”

त्यांनी भिंत न्याहाळली. “मग उजव्या अंगाला लावा. डावीकडं पोरांनी कोळशानं स्टंप काढलेत.”