नेटवर्क नसतानाही उघडणारं वेबपान

मे २०१५मध्ये मिंत्राने आपली वेबसाइट बंद केली. कपडे घ्यायचे तर अ‍ॅपच डाउनलोड करा! त्याआधी फ्लिपकार्टनेही मोबाइलवरची साइट बंद केली होती. पण त्याच नोव्हेंबरात ‘फ्लिपकार्ट लाइट’ आलं, ब्राउझरमध्ये उघडणारं आणि तरी अ‍ॅपसारखं वागणारं. पुढच्या वर्षी मिंत्राही वेबवर परतली.

हे ‘अ‍ॅपसारखं वागणं’ जमतं कसं, ते पाहिलं की मी आजही थक्क होतो. साधं वेबपान दर वेळी सर्व्हरकडे हात पसरतं. रेंज गेली की संपलं. इथेच सर्व्हिस वर्कर कामाला येतो: हा छोटासा प्रोग्राम पहिल्या भेटीतच ब्राउझरमध्ये मुक्काम ठोकतो आणि पान व इंटरनेट यांच्या मधोमध बसतो. पानाची प्रत्येक मागणी आधी त्याच्या हातून जाते. कोठी सांभाळणाऱ्या आजीसारखा त्याचा कारभार: जे घरात आहे, त्यासाठी बाजारात कुणाला धाडायचंच नाही. म्हणून विमानातही पान उघडतं. टॅब बंद असतानाही हा वर्कर जागा होऊन नोटिफिकेशन दाखवू शकतो. आणि आकार? ट्विटरचं २०१७चं असंच वेब अ‍ॅप, ट्विटर लाइट, एक एमबीपेक्षाही लहान होतं!

नेटिव्ह अ‍ॅपचं बळ वेगळं. स्टोअरमधून डाउनलोड केलेलं हे अ‍ॅप सहसा अँड्रॉइडसाठी कोटलिन भाषेत, आयफोनसाठी स्विफ्टमध्ये लिहिलेलं असतं आणि थेट फोनच्या यंत्रणेशी बोलतं. डिलिव्हरीवाल्याचा फोन खिशात, स्क्रीन बंद, तरी नकाशावरचा ठिपका सरकत राहतो. वेबपानाला हे जमत नाही. आयफोनवर तर वेब अ‍ॅपला नोटिफिकेशनची मुभा २०२३मध्ये मिळाली, तीही होम स्क्रीनवर ठेवलं असेल तरच. मात्र दोन फोनांसाठी दोनदा काम, स्टोअरची तपासणी, आणि डिजिटल माल विकला तर ३० टक्क्यांपर्यंत कमिशन.

माझं मत स्पष्ट आहे. ग्राहक वर्षातून दोन-चारदाच फिरकणार असेल, तर त्याच्या भरलेल्या फोनात जागा मागू नका, वेबच घ्या. रोजचा राबता असेल, ब्लूटूथ किंवा सतत लोकेशन लागत असेल, तर नेटिव्हवर खर्च करा.

नेटवर्कशिवाय पान उघडतं यावर विश्वास बसत नसेल, तर क्रोममध्ये गुगलचं ‘स्क्वूश’ हे फोटो लहान करणारं वेब अ‍ॅप एकदा उघडा, पूर्ण लोड होऊ द्या, मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून तेच पुन्हा उघडून पाहा.