आधी सांधा, मग छिन्नी

श्रोतेहो, कविता लिहिणाऱ्या माणसानं छिन्नी-हातोडीवर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण गेल्या पावसाळ्यानंतर घराची दुरुस्ती काढली आणि दोन फरश्या गमावून मी जे शिकलो, ते तुमच्या उपयोगी पडेल असं वाटतं.

सोलापुरातलं आमचं घर १९७४ सालचं. अब्बा गिरणीत होते. घरात एकच चैन त्यांनी केली, ती म्हणजे मोझॅकची फरशी; फिकट हिरवी, पांढऱ्या-काळ्या खड्यांची. यंदा न्हाणीघरामागच्या भिंतीला ओल आली, खालचा गिलावा फुगला. आतला पाइप झिरपत होता. भिंत उघडायची तर आधी स्कर्टिंग काढायला हवं. स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी बसवलेली, फरशीचीच चार इंच उंच पट्टी. मुलगा म्हणाला, "अब्बा, सगळीच जमीन उखडू आणि नवी व्हिट्रिफाइड टाकू." मी नको म्हटलं. शेवटी तह झाला. पट्टी काढताना फरशी शाबूत राहिली तर ठेवायची, नाहीतर सगळी बदलायची.

पहिल्या दिवशी आलेल्या कारागिरानं पट्टीच्या डोक्यावर छिन्नी धरली आणि दणका दिला. पट्टी निघाली, पण तिच्याखालच्या दोन फरश्याही गेल्या. एक दुभंगली, दुसरीचा कोपरा उडाला. मुलानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी काम थांबवलं.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. मामांनी हातोडी पिशवीतून काढलीच नाही. खाली बसले आणि बोटाच्या पेरानं कडेच्या फरश्या एकेक वाजवत गेले. कुठे टणक आवाज येई, कुठे बद्द. "बद्द वाजते तिथं खाली माल सुटलाय. तिथं धक्का पोचला की फरशी फुटलीच," असं म्हणून त्यांनी तिथे खडूनं फुल्या मारल्या.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. आपल्याकडे बहुतेक घरांत आधी जमीन घालतात आणि स्कर्टिंग नंतर तिच्यावर उभं करतात. दोघांमधली फट सिमेंटनं भरतात. म्हणजे पट्टी भिंतीला धरून असते, तशी फरशीलाही. वरून ठोकलं की घाव त्या सांध्यातून थेट फरशीत उतरतो. म्हणून आधी सांधा मोकळा करायचा, मग पट्टीला हात लावायचा.

कामाचा क्रम असा होता. आधी जमीन झाडून घेतली, कारण खडा राहिला तर वर काही अंथरूनही ओरखडा उठतोच. त्यावर जुनी गोधडी आणि गोधडीवर प्लायवूडची फळी. पट्टीच्या वरच्या कडेला सुरी फिरवली, म्हणजे भिंतीच्या रंगाचे पापुद्रे ओढले जात नाहीत. मग हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याला चिंधी गुंडाळून खालचा सांधा हातानं खरवडला. मी विचारलं, "ग्राइंडर का नको?" मामा म्हणाले, "तो घसरला तर फरशीवर जन्माची रेघ." सांधा ॲसिडनं सैल करण्याचा सल्लाही कुणी देतं. तो ऐकू नका. मोझॅक म्हणजे सिमेंट आणि संगमरवराचे खडे. ॲसिड दोन्ही खातं.

त्यानंतर दाराजवळची एक पट्टी त्यांनी बळी दिली. तिच्या मधोमध, जमिनीपासून वर, लहान छिन्नीनं हलके घाव घालत तिचे तुकडे केले. शेजारच्या पट्टीची बाजू उघडी पडली. आता छिन्नी बाजूनं पट्टीमागे घालायची, भिंतीला आणि जमिनीला समांतर. घाव भिंतीच्या कडेकडेनं जातो, फरशीकडे जात नाही. सगळ्या कामाचं मर्म एवढंच आहे. जे ठेवायचं आहे त्याच्या दिशेनं घाव घालायचा नाही. पट्टी उचकटताना पहारीखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, तोही भिंतीशी. पहारीचा भार फरशीवर एकदाही येऊ दिला नाही. खडूच्या फुल्यांपाशी तर छिन्नी नुसती हातानं रेटली. त्या बाजूचा विजेचा मेन स्विच बंद होता आणि नाकातोंडाला फडकं नव्हे, मास्क होता. सिमेंटची बारीक धूळ छातीला वाईट.

नव्या फ्लॅटमधल्या व्हिट्रिफाइड फरशीलाही हेच लागू आहे. उलट तिची कड उडाली की पॉलिश करूनही ती भरून येत नाही. पट्टी लाकडी असेल तर ती खिळ्यांजवळ थोडी थोडी सैल करायची, एका टोकाला धरून ओढायची नाही.

चौदा फूट भिंतीला अख्खा दिवस गेला. एकही फरशी फुटली नाही. आदल्या दिवशीच्या दोघींचं काय? कोपरा उडालेली मामांनी रंगीत सिमेंट आणि खडे भरून घासली. दुभंगलेलीच्या जागी दुसरी हवी होती आणि तशी आता दुकानात मिळत नव्हती. तेव्हा मुलगाच उठून अंगणात गेला. माठाखाली अब्बांनी एक जास्तीची फरशी ठेवली होती. इतकी वर्षं आम्ही तिच्यावर माठ ठेवत आलो, ती घरातलीच आहे हे विसरून. ती बसवली, दगडानं घासली. रंग जरा वेगळा दिसतो. मुलगा म्हणाला, "दिसू दे."

तुम्ही घर बांधत असाल तर चार फरश्या जास्तीच्या घेऊन ठेवा. आणि त्या कुठे ठेवल्यात, ते मुलांना सांगून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)